तरंगा बुडाला नाही, आडवा पडला

पायवाट

काल पूर्ण दिवस एका लहान तलावावर काढला. मातीचा बांध, एका टोकाला जादा पाणी वाहून जायचा सांडवा, बाकी तिन्ही बाजूंनी हळूहळू उतरत गेलेला काठ. रमतगमत चाललं तर दीड तासात फेरी पुरी होते, एवढाच त्याचा जीव. गळ टाकायची परवानगी आधीच काढली होती. सोबत काठी, रीळ, गांडुळांचा डबा, पाण्याची बाटली, आणि फोन बंद करून पिशवीच्या तळाशी.

आजवरची माझी पद्धत बहुतेकांची असते तीच. वाट जिथे पाण्याला टेकते तिथेच आपणही टेकायचं, गळ सोडायचा आणि दोन तासांनी 'या तलावात काही नाही' असा निकाल देऊन उठायचं. त्या जागी रोज कुणी ना कुणी टेकलेलं असतं, मासेच काय, बेडूकही तिकडे फिरकत नसणार. काल ठरवलं, एक फेरी पुरी झाल्याशिवाय काठीची खोळ उघडायची नाही.

उजाडता उजाडता निघालो. पाणी बरंच खाली गेलंय, त्यामुळे एरवी बुडालेलं सगळं उघडं पडलंय. तलाव होण्याआधी इथून ओढा वाहत असणार. त्याची घळ दोन उतारांच्या मधे स्पष्ट दिसते आणि तशीच पाण्याखाली शिरते. तिच्या कडेने जुन्या झाडांची खुंटं एका रेषेत पाण्यात उतरत गेलीत. शेवटच्याचं फक्त टोक वर, आणि त्या टोकावर पाणकावळा पंख पसरून. पलीकडच्या काठाला सुकलेल्या चिखलात परातीएवढे गोल खड्डे, दहा-बारा, कुणी हाताने घडवल्यासारखे.

त्यांच्या पुढेच मी माती खाल्ली. तलावात जिथे एक ओहोळ येऊन मिळतो तिथे वळसा घालायचा कंटाळा केला आणि मधून कापायला गेलो. वर वाळलेली, भेगाळलेली खपली. खाली काय आहे ते तिसऱ्या पावलाला कळलं. डावा पाय गुडघ्यापर्यंत आत. तो ओढायला उजव्यावर जोर दिला तर उजवाही निघाला खाली. शेवटी मागे बसलो, खोळीसकट काठी आडवी टाकून तिच्यावर भार दिला आणि पाय हलवत हलवत सोडवला. पाय आला, चप्पल राहिली. पुढची अर्धी फेरी एका चपलेवर.

वारा ज्या काठाकडे वाहत होता तिकडे फेस, पानं, मेलेले किडे असं सगळं गोळा झालं होतं. ओढ्याची घळ त्याच काठाच्या अगदी जवळून जाते. साडेआठच्या सुमाराला तिथे बसलो. पहिला तास काहीच नाही. मग तरंगा, म्हणजे दोऱ्यावरची पाण्यात उभी तरंगणारी खूण, हलला. बुडाला नाही. उलट दोन बोटं वर आला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि आडवा पडला. मी तो बुडायची वाट बघत बसलो. थोड्या वेळाने परत सरळ झाला. ओढून बघितलं तर गळ धुतल्यासारखा स्वच्छ. असं तीनदा.

दुपारी झाडाखाली मीही आडवा पडलो. उन्हं कलल्यावर उलट्या दिशेने दुसरी फेरी मारली, या वेळी वळसा घालून. सकाळी पाठीमागे राहिलेलं सगळं आता समोर येत होतं, त्यामुळे अर्धा तलाव नव्यानेच बघितला. दिवसभराची कमाई म्हणजे तळहाताएवढा एक तिलापिया, तोही सोडून दिला.

प्रश्न दोन. ते खड्डे कसले? आणि तरंगा वर येऊन आडवा पडतो तेव्हा खाली कोण काय करत असतं?

उगाच

कुणी काही करत नसतं. दोरा खोलीपेक्षा लांब सोडला असणार. दोऱ्याला वजन म्हणून लावलेलं शिसं तळाला टेकलं की तरंगा आडवाच पडतो, झुळूक आली की हलतो. तुमच्या तीन माशांची नावं वारा, वारा आणि वारा.

चिवचिव

खड्डे तिलापियाचे. उथळ पाण्यात नर तोंडाने माती उचलून बाहेर टाकत राहतो आणि अशी गोल बशी तयार करतो. मादी तिथे अंडी घालते आणि मोझांबिक तिलापियासारख्या जातींत लगेच ती तोंडात घेऊन निघून जाते. पिल्लं बाहेर आल्यावरही धोका वाटला की आईच्या तोंडात परत शिरतात. पाणी उतरलं की या बश्या उघड्या पडतात. म्हणजे तुम्ही चाललात ती जागा काही महिन्यांपूर्वी गजबजलेली होती. पुन्हा पाणी चढलं की बहुधा तिथेच गजबज होईल.

पाणकावळ्याची पिसं भिजतात, बदकासारखं पाणी निथळून जात नाही. भिजल्यामुळे बुडी मारायला त्याला सोपं जातं, पण बाहेर आल्यावर असं वाळत बसावं लागतं. तो ज्या खुंटावर बसतो त्याच्या आसपास मासे आहेत हे गृहीत धरा. तुमच्यापेक्षा त्याचा अनुभव दांडगा आहे.

गरी

उगाच, तुमचं निम्मं बरोबर. दोरा लांब असेल तर तरंगा आडवा पडतो, पण मग तो आडवाच राहतो. यांचा आधी उभा होता, वर आला, पडला आणि परत उभा राहिला. शिवाय गांडूळ कुणी खाल्लं, वाऱ्याने?

पायवाट, तुम्हाला तीन वेळा मासा येऊन सांगून गेला आणि तुम्ही ऐकलं नाही. तळाचं खाणारा मासा डोकं खाली, शेपूट वर करून आमिष तोंडात घेतो. घेतलं की अंग सरळ करतो. गळाच्या जवळ तळावर टेकलेलं शिसं त्याबरोबर उचललं जातं. तरंग्याला खाली धरून ठेवणारं वजनच गेलं, मग तो वर उसळणार आणि पडणार. म्हणजे आडवा तरंगा याचा अर्थ त्या क्षणी आमिष माशाच्या तोंडात आहे. हिसका तेव्हाच द्यायचा, खरं तर वर यायला लागला तेव्हाच. परत सरळ झाला याचा अर्थ त्याने थुंकून टाकलं.

हे काम बहुतेक सायप्रिनसचं, म्हणजे कॉमन कार्प माशाचं. त्याच्या जबड्यात दात नसतात, असतात ते घशात. तो चावत नाही, चिखलासकट ओढून घेतो, आतल्या आत चाळतो आणि नको ते बाहेर फुंकतो. मिशांवर आणि ओठांवर चव घेणारे बिंदू असतात, त्यामुळे गळाचं लोखंड जिभेला… जीभ म्हणता येणार नाही, पण लागलं की लगेच कळतं. तुमचं गांडूळ तो सालासारखं सोलून घेऊन गेला.

आता जुळणी. एकच शिसं, गळापासून चार बोटांवर. तेवढ्या वजनाने तरंग्याचं फक्त टोक वर राहिलं पाहिजे. आधी खोली मोजा. गळाला जास्तीचं वजन लावून सोडा आणि तरंगा वरखाली सरकवत नेमका मुक्काम शोधा. मग मोजलेल्या खोलीपेक्षा वीतभर जास्त ठेवून दोरा ताणून घ्या, म्हणजे तरंगा उभा राहील. हे न करता बसलात तर उगाच म्हणतात तेच खरं व्हायचं.

उगाच

निम्मं का होईना, बरोबर म्हणालात. या धाग्यावर एवढं पुरे.

मोजपट्टी

मासेमारीतलं मला काही कळत नाही, पण बांधांच्या कामावर आयुष्य गेलं म्हणून लिहितो.

ओहोळ स्थिर पाण्याला मिळतो तिथे त्याचा वेग मोडतो आणि तो अंगावरचं ओझं टाकून देतो. आधी गोटे-वाळू, पुढे बारीक गाळ. तुम्ही कापायला गेलात ती जागा म्हणजे वर्षानुवर्षं साठलेला हाच गाळ. वरचा थर उन्हाने वाळतो, खालून पाणी झिरपत असतं म्हणून आतला वर्षभर लोण्यासारखा. खपलीवर दुसऱ्या कुणाची पावलं उमटलेली नसतील तर आपलीही उमटवायची नाहीत. मागे बसलात ते फार शहाणपणाचं केलंत, माणूस पुढे झुकून जोर लावतो आणि आणखी रुततो.

फेरीत बांधावरून जाल तेव्हा दोन गोष्टी बघत जा. पाण्याच्या बाजूला जे दगड रचलेले असतात ते लाटांनी माती खाऊ नये म्हणून. पाण्यालगतच्या दगडांवर शेवाळ असतं आणि तिथे उतार थेट खोलात जातो. गळ टाकायला ती जागा सोयीची दिसते, पण बसायला वाईट. दुसरं म्हणजे बांधाच्या मागच्या पायथ्याशी थोडं नितळ पाणी पाझरताना दिसलं तर घाबरू नका, मातीच्या बांधातून थोडं झिरपायचंच. तेच पाणी गढूळ झालं तर मात्र आतून माती वाहून चालली आहे. असं दिसलं तर गळबिळ तसाच टाका आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना ताबडतोब कळवा. काठाने रोज फिरणाऱ्या माणसाला हे आधी दिसतं.

आणि सांडव्याच्या तोंडाशी बसू नका. दारं असलेल्या ठिकाणी तर अजिबात नाही.

पायवाट

मोजपट्टीकाका, बांधाच्या मागच्या बाजूला मी बघितलंच नव्हतं. बांधावर एकही झाड नाही, सावली नाही, म्हणून तेवढा तुकडा भरभर उरकला.

मोजपट्टी

झाड मुद्दाम ठेवत नाहीत. मुळं आत शिरतात, झाड मेल्यावर ती कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. सावली पलीकडच्या काठाला शोधा.

कुतूहल

मुलीला घेऊन जायचा विचार आहे. सात वर्षांची आहे आणि एक मिनिट गप्प बसत नाही. मासे पळून जातील का? ती बोलायला लागली की घरात मांजरसुद्धा थांबत नाही.

गरी

बोलू दे तिला. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळाच परत फिरतो. हजारात एखादा भाग आत जातो. 'शूऽऽ, मासे ऐकतील' हे मोठ्यांनी स्वतःला शांतता मिळावी म्हणून काढलेलं आहे.

पळायला मात्र देऊ नका. जमिनीवर पाय आपटला की हादरा काठातून थेट पाण्यात जातो. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ दिसते ती पाण्याची हालचाल टिपते. सायप्रिनस, रोहू, शिंगटी यांच्या तर हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, म्हणजे अख्खी पिशवी ढोलासारखी काम करते. काठावर डबा ठेवतानासुद्धा हळू ठेवा.

दुसरं, उभं राहू नका. पाण्याखालून वर बघणाऱ्याला बाहेरचं जग एका गोल खिडकीत दिसतं, सुमारे ९७ अंशांच्या. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा, त्यात तळ दिसतो. क्षितिजाजवळचं सगळं त्या खिडकीच्या कडेला चेपून बसलेलं असतं. तुम्ही काठापासून दोन पावलं मागे बसलात तर त्या चेपलेल्या कडेत जाता. उभे राहिलात की खिडकीत डोकावता. या बाबतीत सात वर्षांची उंची तुमच्यापेक्षा फायद्याची.

मोजपट्टी

जीवरक्षक जाकीट घाला तिला. पोहता येत असलं तरी.

चिवचिव

आणि दूरबीन द्या. मासा लागला नाही तर निदान खंड्या बघायला मिळेल. मासा पकडला की तो फांदीवर आपटून आपटून थंड करतो आणि डोक्याकडून गिळतो, म्हणजे खवले-काटे उलटे लागत नाहीत. मुलं हे विसरत नाहीत.

टिटवी अंगावर येऊन ओरडायला लागली तर तिथेच थांबा आणि पायाशी बघा. ती उघड्यावर, खड्यांमधेच अंडी घालते, बहुतेक वेळा चार, टोकं आतल्या बाजूला. अंड्यांचा रंग अगदी खड्यांसारखाच. आल्या वाटेने मागे फिरायचं. काठाने फिरणाऱ्यांच्या पायाखाली जेवढी जातात तेवढी कोल्ह्यांनीही नेली नसतील, असं माझं मत आहे, आकडा मागू नका.

एक तक्रारही. नायलॉनचा तुटलेला दोरा काठावर टाकून जाऊ नका. मागच्या वर्षी एका ढोकरी बगळ्याच्या दोन्ही पायांत गुंडाळलेला दोरा कापून काढला. नखं आत रुतली होती. वीतभर तुकडासुद्धा खिशात घालून परत आणा. शिसंही. ब्रिटनमध्ये गळाला लावायच्या बहुतेक लहान शिशांवर १९८७ पासून बंदी आहे, कारण तळातले खडे म्हणून हंस ती गिळत होते आणि विषबाधेने मरत होते. कथलाची किंवा टंगस्टनची वजनं मिळतात.

उगाच

आता खरा प्रश्न विचारतो, चिडू नका. मासा सोडूनच द्यायचा असेल तर त्याच्या ओठात लोखंड घालायचंच कशाला? मला हे कळत नाही. एक तर न्या, नाहीतर नुसते बसा.

पायवाट

चिडलो नाही. माझ्याकडे याला पूर्ण पटेल असं उत्तर नाही. नुसता बसून बघितलंय. अर्ध्या तासात मन घरच्या हिशेबावर जातं. दोरा पाण्यात असला की पाण्याकडे लक्ष राहतं, एखादा बुडबुडा आला तरी दिसतो. ही माझी सोय झाली, माशाची नाही, हे मान्य. म्हणून आता गळाच्या टोकाची उलटी नखी पकडीने दाबून टाकतो, एवढंच.

गरी

मी खायलाही नेतो आणि सोडतोही, त्यामुळे मला दोन्हीकडून शिव्या पडतात.

सोडायचाच असेल तर नीट सोडा. हात आधी ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं कवच, कोरड्या हाताने ते निघतं आणि मग बुरशी धरते. त्याला बाहेर काढलंत की स्वतःचा श्वास धरा. तुम्हाला सोडावासा वाटला की त्यालाही सोडायची वेळ झाली.

कडक उन्हाळ्यात दुपारी तर गळच टाकू नका. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मुरतो. शून्य अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. झुंजून दमलेल्या माशाला तेव्हाच जास्त लागतो आणि तेव्हाच तो कमी असतो. पोहत गेला म्हणजे जगला असं नाही. शेवाळलेल्या लहान तलावात पहाटेही तीच गत, कारण रात्रभर वनस्पती प्राणवायू खातच असतात. मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले तर 'वा, किती मासे' म्हणू नका. त्यांचा जीव घुसमटतोय. त्या दिवशी फक्त फेरी.

आणि लालसर पिल्लांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात एकत्र फिरताना दिसला तर खाली मरळ राखणीला असते. त्या घोळक्यात गळ टाकला की ती हमखास झडप घालते, भुकेने नाही, रागाने. असा पकडलेला मासा फुशारकीने सांगणारे लोक मला भेटलेत. मागे राहिलेली पिल्लं लवकरच बाकीच्या माशांच्या पोटात जातात.

उगाच

हे शेवटचं पटलं. पहिलं अजून नाही, पण प्रामाणिक उत्तर मिळालं.

कुतूहल

वारा ज्या काठाकडे जातो तिकडे बसायचं म्हणजे तोंडावर वारा घेऊन? गळ फेकायला उलटं नाही का पडत?

गरी

पडतं. म्हणूनच तिकडे कुणी बसत नाही आणि म्हणूनच बसा. वरचं पाणी आणि त्यावरचं खाणं वारा तिकडे ढकलत असतो. लांब फेकायची गरज नसते, सकाळी मासे काठापासून काठीभर अंतरावर असतात. बांधाच्या भिंतीजवळ सगळ्यात खोल म्हणून तिथेच मासे, हाही एक लाडका गैरसमज. खोल तलावात उन्हाळ्यात वर ऊबदार आणि खाली गार असे थर पडतात, ते एकमेकांत मिसळत नाहीत आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. तिथे बसून तुम्ही रिकाम्या खोलीचं दार ठोठावता.

मोजपट्टी

काठी कार्बनची असेल तर वर विजेच्या तारा आहेत का तेही बघा. कार्बनमधून वीज वाहते. ढग गडगडायला लागले तर काठी खाली ठेवून लांब जा.

पायवाट

काल परत गेलो. तोच तलाव, तीच फेरी, पायात या वेळी बूट.

पाणी आणखी हातभर उतरलंय. बांधाच्या मागे उतरून बघितलं, पायथ्याशी एका जागी ओल आहे, पाणी नितळ. मोजपट्टीकाका, निश्चिंत असा. माझी चप्पल दिसली. गाळातून अर्धी वर, पावलापासून फार तर बारा फुटांवर. तिच्याकडे बघितलं आणि वळसा घातला.

घळीजवळच्या त्याच जागी बसलो, पण दोन पावलं मागे, मांडी घालून. खोली मोजली. साडेचार फूट निघाली, मी मागच्या वेळी अंदाजाने तीन धरली होती. म्हणजे त्या दिवशी गळ तळाला पोचलाच नसणार असं वाटलं, पण मग आठवलं, शिसं दोन लावली होती आणि मधे एकदा कंटाळून तरंगा वर सरकवला होता. त्यानंतरच आडवं पडणं सुरू झालं. हे मी मूळ लेखात लिहिलंच नव्हतं. क्षमस्व.

सव्वासातला बुडबुडे आले, मोहरीएवढे बारीक, एका जागी नाही, माळेसारखे पुढे सरकत. तरंग्यापाशी येऊन थांबले. मग किती तरी वेळ काहीच नाही. एक धोबी पक्षी येऊन काठीच्या टोकाजवळ शेपूट हलवत बसला आणि माझं लक्ष त्याच्याकडे. परत बघितलं तेव्हा तरंगा वर येत होता.

या वेळी वाट नाही बघितली. हिसका दिला आणि काठी वाकली. तो सरळ ओढ्याच्या घळीत शिरला, खुंटांच्या दिशेने. काठी वर न धरता आडवी, पाण्यालगत धरून त्याला कडेने वळवला, हे इथेच पूर्वी कुणीतरी लिहिलं होतं. रिळाची कुरकुर थांबायला पाचेक मिनिटं गेली असतील. वर आला तेव्हा आधी पितळी खवले दिसले, मग ओठाच्या कोपऱ्यांतल्या मिशा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरला, वर दोन बोटं. गळ खालच्या ओठात, नखी दाबलेली असल्यामुळे नुसता वळवला आणि निघाला. हात ओले होते. पाण्यातच धरून ठेवला, कल्ले तीन-चारदा उघडले, मग शेपटीने तोंडावर पाणी उडवून गेला.

गरी

अभिनंदन! गांडूळच होतं ना?

पायवाट

गांडूळच. अर्धं.

उगाच

फोटो?

पायवाट

फोन पिशवीच्या तळाशी होता.

उगाच

म्हणजे वाराच.

पायवाट

चार मिशांचा.